गेमची डिस्क तुमची, मग तिची कॉपी का चालत नाही?

समजा, चारठाण्यात बसून तुम्हाला १०० जीबीचा गेम डाउनलोड करायचा आहे. रोजच्या २ जीबी डेटा पॅकवर त्याला ५० दिवस लागतील! त्यामुळे वायफाय नसलेल्या गावात डिस्क आजही कामाची आहे. पण तिच्यावर मोठा ओरखडा पडला की गेम संपला. बॅकअप कॉपी चालावी म्हणून कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह ‘मॉड’ करतात, तो यासाठीच. निदान सांगायला तरी!

कुलूप कुठे असतं?

पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर आतल्या कडेचा ट्रॅक मुद्दाम किंचित नागमोडी केलेला असायचा. त्यात चार अक्षरांचा कोड लपलेला. घरच्या सीडी रायटरला हा नागमोडीपणा लिहिता येत नाही. म्हणून डेटा हुबेहूब असला तरी कन्सोल कॉपी नाकारतो. मॉडचिप तोच कोड स्वतः पाठवते. एक्सबॉक्स ३६० मध्ये ड्राइव्हचं फर्मवेअरच बदलायचे, मग ‘डिस्क अस्सल आहे’ असं ड्राइव्हच सांगायचा.

गोची अशी, की तुमची बॅकअप कॉपी कोणती आणि पायरेटेड डिस्क कोणती, हे मॉडला कळत नाही. कंपनीही फरक करत नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॉड केलेले कन्सोल एक्सबॉक्स लाइव्हवरून सरसकट बॅन केले.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार, कायदेशीरपणे घेतलेला प्रोग्राम खराब होऊ नये म्हणून त्याचा बॅकअप ठेवता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ सांगतं, की कॉपीराइट मोडायच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे आपल्याकडे हेतू बघितला जातो. पण बॅकअप चालेल अशी सोय कंपनीने द्यावी, असं या कलमांत कुठेच नाही. हक्क आहे, पण कागदावर!

आता तर डिस्कच जातेय

२०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो डिस्क ड्राइव्हशिवाय आला. ड्राइव्ह वेगळा घ्यायचा आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटही हवं. डिस्क मित्राला देता येते, विकता येते. डाउनलोड केलेल्या गेमचा मात्र फक्त परवाना मिळतो. फोनवर पैसे भरून घेतलेल्या गेमचंही तेच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानदाराला हे विकतानाच स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही ‘बाय’ बटणाशेजारी ही ओळ दिसायलाच हवी.