आधीची तजवीज की मागाहूनची भरपाई?

एखाद्या समाजाची नीतिमत्ता मोजावयाची झाल्यास संकट कोसळल्यावर तो किती हळहळतो, एवढे पाहून भागणार नाही. संकट येण्यापूर्वी तो कोणासाठी काय तजवीज करून ठेवतो, हे पाहिले पाहिजे. हळहळ व्यक्त करण्यास खर्च येत नाही. तजवीज करावयाची तर पैसा लागतो, श्रम लागतात आणि त्याहीआधी ज्याच्यासाठी ती करावयाची त्याच्या जिवाला किंमत आहे हे मान्य करावे लागते. जे संकट कोणासच दिसणे शक्य नव्हते त्याबद्दल समाजास दोष देता येणार नाही. परंतु जे संकट त्याच ठिकाणी, त्याच रीतीने पुन्हा पुन्हा येते आणि त्याच लोकांचा बळी घेते, त्यास अपघात म्हणणे ही निव्वळ आत्मवंचना होय.

गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारांचा प्रश्न ह्या कसोटीस लावून पाहावा. २०२३ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून तोपर्यंत असे ३३९ मृत्यू झाले होते. ह्या मृत्यूंच्या कारणात गूढ असे काहीच नाही. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू निघतात. त्यांपैकी पहिला हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचतो. त्याचे प्रमाण वाढले की वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते आणि आत उतरलेला माणूस शुद्ध हरपून कोसळतो. त्यास वर काढण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा. एकाच टाकीतून दोन-तीन प्रेते निघाल्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात, त्या ह्यामुळेच. टाकी किती माणसांच्या वापराची आहे आणि ती किती काळाने उपसावी लागेल, ह्याचा हिशेब इमारतीचा नकाशा काढतानाच करता येतो. पावसाळा कोणत्या महिन्यात येतो हे तर लहान मुलासही ठाऊक असते. मग तुंबलेले गटार हे दरवेळी ‘तातडीचे काम’ कसे ठरते?

ते तसे ठरते, कारण ऐनवेळी आत उतरावयास ठराविक वस्तीतला, ठराविक जातीचा माणूस मिळणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. ज्या समाजाजवळ स्वस्त जीव आहेत त्यास महाग यंत्र घेण्याची घाई नसते. उंच इमारतीत आग विझविण्याची साधने आग लागण्यापूर्वीच बसवावी लागतात. त्या इमारतीत राहणाऱ्यांच्या जिवाची काळजी आधीच घेतली जाते. त्याच इमारतीची घाण काढणाऱ्याची काळजी मात्र तो मेल्यावर सुरू होते. पुढचा विचार न करण्याची ही मोकळीक जातिव्यवस्थेने वरच्या वर्गास दिलेली आहे, आणि तिची किंमत खालच्यांनी आपल्या प्राणांनी चुकती केली आहे.

कायदा ह्या बाबतीत समाजाच्या पुढे आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९९३ च्या कायद्याने कोरड्या शौचकूपांस आणि हाताने मैला वाहण्याच्या प्रथेस बंदी केली. २०१३ चा कायदा त्याहून व्यापक असून तो ६ डिसेंबर २०१३ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ७ अन्वये संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरविण्यास मनाई आहे. कलम ९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम २२ ने हा गुन्हा दखलपात्र आणि बिनजामिनी केला आहे. कलम ३३ ने तर योग्य यंत्रसामग्री वापरण्याचे कर्तव्यच स्थानिक संस्थांवर लादले आहे.

ह्या तरतुदी बारकाईने वाचाव्यात. कलम ७ चा भंग होण्यासाठी कोणी मरण्याची गरज नाही. साधनांवाचून माणूस आत उतरविला की त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो. कायद्याने जिवंत माणसाच्या रक्षणासाठी दिलेले हे शस्त्र आपण प्रेत बाहेर निघेपर्यंत म्यानातच ठेवतो. पोलीस ठाण्यात कायद्याची आठवण होते ती पंचनाम्याच्या वेळी.

भरपाईचा इतिहासही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तातडीच्या प्रसंगीही साधनांवाचून गटारात उतरविणे हा गुन्हा मानला जावा, असेही बजावले. असे असता २०१९ च्या डिसेंबरात गोवंडी येथे सेप्टिक टँकमध्ये मरण पावलेल्या तीन कामगारांच्या विधवांना त्याच रकमेसाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि २०२१ साली आदेश मिळवावा लागला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. विधवेच्या हाती पडणाऱ्या ह्या पैशास कोणी कमी लेखू नये. तो तिचा हक्क आहे. परंतु गुन्हेगारास शिक्षा न होता केवळ भरपाई मिळत राहिली, तर ती भरपाई हळूहळू माणसाच्या जिवाचा दर बनते. आणि दर ठरला की हिशेबी माणूस यंत्राच्या किमतीशी त्याची तुलना करू लागतो.

नगरपालिकांजवळ पैसा नाही, गल्ल्या अरुंद आहेत, कामगार आपखुशीने उतरतो, असे आक्षेप घेतले जातात. यंत्रांसाठी अर्थसाहाय्य व उत्तेजन देण्याची जबाबदारी त्याच कलम ३३ ने सरकारवर टाकली आहे. हैदराबादच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने २०१७ साली अरुंद गल्ल्यांत शिरतील अशी छोटी यंत्रे कामास लावली आणि ती चालविण्याच्या व्यवसायात दलित उद्योजकांना वाव दिला. जे हैदराबादेत झाले ते अन्यत्र का होऊ नये? राहिली आपखुशी. घरात चूल पेटलेली नाही म्हणून दिलेल्या होकारास संमती म्हणणे हा न्यायबुद्धीचा अपमान आहे. कायद्याने तो होकार बचाव म्हणून मान्यही केलेला नाही.

दूरदृष्टी हे शासनाचे कर्तव्य आहे, हे बाबासाहेबांनी स्वतः सत्तास्थानी असताना दाखवून दिले. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडविला. फुटलेले बांध पुन्हा बांधून आणि मदत वाटून प्रकरण मिटविता आले असते. मजूरमंत्री ह्या नात्याने बाबासाहेबांनी मात्र पुरास आवर, शेतीस पाणी आणि वीज अशा सर्व अंगांनी संपूर्ण खोऱ्याच्या योजनेचा पाठपुरावा केला. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. भगवान बुद्धांनी महापरिनिर्वाणसमयी भिक्खूंना केलेला अखेरचा उपदेशही अप्रमादाचा, म्हणजे अखंड जागरूकतेचा होता. करुणा दुःखाजवळ धावून जाते. जागरूकता दुःखाचे कारण शोधून ते आधीच दूर करते. ह्या दोहोंची फारकत झाली की करुणेची केवळ भूतदया उरते.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच कामास लागावे. आपल्या नगरपालिकेकडे यंत्रे किती, ठेका कोणाचा, संरक्षक साधने कोठे ठेवली आहेत, ह्याची माहिती २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली लेखी मागवावी. साधनांवाचून कोणास आत उतरविताना दिसल्यास तेथेच काम थांबवून पोलिसांत तक्रार नोंदवावी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत फिर्याद झाली नाही तर न्यायालय दखल घेऊ शकत नाही, हे कलम १० चे बंधन ध्यानात ठेवावे. मृतांसाठी शोकसभा आजवर पुष्कळ झाल्या. यापुढे माणूस जिवंत असतानाच त्याच्या वतीने अर्ज लिहिला गेला पाहिजे.