आंब्याचा हंगाम आणि नकोसे फोन

पूर्वीं रत्नागिरीकडील बागाइतदार पेट्या मुंबईच्या दलालाकडे रवाना करून पट्टीची वाट पाहत बसे. अलीकडे पुष्कळ बागाइतदार पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांस परभारें माल पाठवूं लागले आहेत, व त्यांचें दुकान म्हणजे खिशांतील टेलिफोन. त्या दुकानाच्या दारांत दिवसभर कोण येऊन उभा राहतो, ह्याचा विचार सभासदांनीं आतां करावयास पाहिजे, असें मला वाटतें.

हंगामाचे दिवस थोडे. मार्चपासून मेअखेरपर्यंत फळ उतरविणें, अढी लावणें, पेट्या भरणें, गाडी गांठणें ह्यांतून फुरसत मिळत नाहीं. नेमक्या अशा वेळीं कोणी कर्ज घ्या म्हणतो, कोणी विमा उतरवा म्हणतो, कोणी कातळावरची जमीन विकतां काय म्हणून विचारतो. हातांतला झेला खालीं ठेवून फोन घ्यावा तर पलीकडून यंत्राचा आवाज; न घ्यावा तर दहा पेट्यांची मागणी गेली कीं काय अशी रुखरुख. पिकूं लागलेलें फळ गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या फोनाची वाट पाहत नाहीं.

ह्यावर दोन उपाय सांगण्यांत येतात. पहिला, त्रास देणारा नंबर आपल्या यंत्रांत बंद करणें. परंतु हे लोक रोज नव्या नंबरावरून बोलतात. कालचा नंबर बंद करणें म्हणजे उंदीर निघून गेल्यावर बीळ लिंपणें होय. दुसरा, अनोळखी नंबराचा फोन वाजूंच न देणें. माझ्यासारख्या पेन्शनरास तो ठीक आहे; बागाइतदारास घातक आहे, कारण नवें गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरूनच येतें.

सरकारी व्यवस्था पुष्कळांस माहीत नसते, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या सन २०१८ च्या नियमांप्रमाणें १९०९ ह्या नंबरावर नोंद करून जाहिरातीचे सर्व फोन, किंवा बँका, विमा, घरबांधणी इत्यादींपैकीं नको असतील तेवढे, बंद करवितां येतात. नोंदलेल्या जाहिरातदारांस १४० ने सुरू होणारे नंबर दिले असून बँकांच्या व सरकारी कामाच्या फोनांसाठीं १६०० ने सुरू होणारे ठेविले आहेत. ह्या नोंदीनें गिऱ्हाइकाचा फोन अडत नाहीं, हा मोठा फायदा. खरा उपद्रव मात्र साध्या दहा आंकडी नंबरावरून बोलणाऱ्या बिननोंदीच्या लोकांचा आहे, व त्यांस तक्रारच आवरते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनें तक्रारीची मुदत ३ दिवसांची ७ दिवस झाली. आपली नोंद नसली तरी तक्रार चालते. आणि १० दिवसांत ५ तक्रारी आल्या कीं कारवाई सुरू होते. पहिल्या अपराधास १५ दिवस बाहेर फोन करणें बंद, पुन्हां केल्यास वर्षभर सर्व जोडण्या बंद. सन २०२४ च्या ऑगस्टांतील हुकुमानंतर थोड्याच दिवसांत पावणेतीन लाखांवर जोडण्या तोडण्यांत आल्या. तेव्हां तक्रार कचऱ्याच्या टोपलींत जाते, हें म्हणणें खरें नाहीं.

तक्रारीस बोलणाराचा नंबर, तारीख आणि तो काय म्हणाला ह्याचा सारांश लागतो. महसूल कचेरींत आलेला प्रत्येक कागद आधीं बारनिशींत चढे व मग टेबलावर जाई. तशी एक वही फोनाशेजारीं असावी. हा बोलणारा गांवची यादीच समोर घेऊन बसलेला असतो. पावसेच्या एका वाडींतील पांच शेजाऱ्यांनीं रात्रीं वह्या ताडून एकाच नंबराविरुद्ध तक्रार केली, तर कायद्याची अट पुरी होते.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. कोठून तरी मिळविलेल्या यादीवर ‘हापूस सुरू झाला’ असे संदेश शेंकडों लोकांस पाठविणारे बागाइतदारही आहेत. ज्यानें कधीं पेटी मागविली नाहीं, त्याच्या दृष्टीनें आपण आणि तो विमेवाला सारखेच. पांच जणांनीं तक्रार केली तर ऐन एप्रिलांत आपलाच फोन पंधरा दिवस मुका होईल.

कांहीं फोन नुसते नकोसे नसून ठकबाजीचे असतात. लष्करी अधिकारी असल्याचें सांगून मोठी मागणी नोंदवावयाची, आणि आगाऊ रक्कम पाठवितों म्हणून एक चौकोनी खूण पाठवून पिन घालावयास सांगावयाचें, ही रीत सर्वश्रुत आहे. पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. फसगत झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावें.

एकट्यादुकट्यानें हें सर्व संभाळणें कठीण, म्हणून माझी सूचना संस्थेस आहे. पेटीवर सभासदाचा खाजगी नंबर न छापतां संस्थेचा एकच नंबर व सभासदाचा अनुक्रमांक छापावा. फोन करणारानें तो क्रमांक दाबला कीं यंत्रणेनें फोन बागाइतदाराच्या मोबाईलवर पाठवावा. यंत्रानें लाविलेल्या बहुतेक फोनांस क्रमांक दाबतां येत नाहीं, ते तेथेंच अडतील. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर यादींत घालून थेट सोडतां येतील. आणि उपद्रवी नंबर एकदां बंद केला कीं सर्व सभासदांपुरता बंद होईल. वळवाच्या पावसांत आपल्याकडे वीज जाते, तेव्हां ही यंत्रणा कचेरींत न बसवितां टेलिफोन कंपनीकडूनच भाड्यानें घ्यावी व खर्च पेटीमागें वांटावा. गिऱ्हाइकास बागाइतदाराशींच बोलावयाचें असतें, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मधें कारकून नको, नुसता क्रमांक पुरे.

त्याबरोबरच सभासदांची यादी टेलिफोन नंबरांसह छापून वांटण्याची चाल असेल तेथें ती बंद व्हावी. पुढील हंगामाचीं खोकीं छापावयास टाकण्यापूर्वीं हे दोन्ही विषय सर्वसाधारण सभेपुढें घ्यावे, अशी व्यवस्थापक मंडळास विनंती आहे.