नम्रता हात जोडण्यात नाही, जागा देण्यात आहे

म्हैसूर जिल्ह्यात कावेरीच्या काठी कृष्णराजनगर हे तालुक्याचे गाव आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी १९१८ साली न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. सरकारी नोकऱ्या मूठभर ब्राह्मण घराण्यांच्या हाती का राहिल्या आणि इतरांना त्या कशा मिळतील, हा समितीपुढचा प्रश्न होता. दिवाण विश्वेश्वरय्या यांना हे धोरण मान्य नव्हते. त्यांनी पद सोडले. राजाने मात्र समिती गुंडाळली नाही. सात वर्षांत वरच्या जागांपैकी निम्म्या जागा मागे राहिलेल्या समाजांना द्याव्यात, अशी समितीने शिफारस केली. त्याआधी १९०२ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्याच.

राजे ते राजेच; त्यांची आरती ओवाळण्याचे आपल्याला कारण नाही. पण वारशाने गादीवर बसलेल्या माणसाला जे सुचले, ते मतांनी निवडून आलेल्या आपल्या युनियनच्या पुढाऱ्यांना का सुचू नये?

वर्णद्वेषाचा निषेध आपण प्रत्येक अधिवेशनात एकमताने करतो. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या राजवटीविरुद्ध घोषणा देताना आपला आवाज कधी बसला नाही. पण सभागृह झाडणारा कामगार कोणत्या जातीचा, आणि तो व्यासपीठावर का नाही, असे कोणी विचारले की लगेच उत्तर येते, “कामगारांत फूट पाडू नका!”

फूट कोणी पाडली? मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त होता, आणि तिथेच अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, म्हणून ‘विटाळ’! हा नियम मालकाने एकट्याने चालवला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सवर्ण कामगारानेही तो चालवला. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे खाते सर्वांना खुले करण्याची मागणी पुढे केली, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने स्वीकारली. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना स्वतःच्या खात्यातला विटाळ दिसत नव्हता. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून संपात उतरले. म्हणजे जातीचा प्रश्न उघड बोलल्याने एकजूट मोडली नाही.

आपल्या माणसांनी परदेशात हेच सोसले. १९७४ साली इंग्लंडमध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा तिथल्या युनियनच्या पदाधिकाऱ्याने त्यांना पाठिंबा नाकारला. दोन वर्षांनी लंडनला ग्रुनविकच्या संपात जयाबेन देसाई उभ्या राहिल्या आणि गोरे खाणकामगार त्यांच्या पिकेटिंगला आले. लेस्टरच्या पदाधिकाऱ्याला आपण नावे ठेवतो. मग आपल्या कार्यालयातील आरशात कोण दिसते, तेही बघावे.

आज मालकाने एकच कंत्राट पुरेसे केले आहे. कायम कामगार एका बाजूला, कंत्राटी सफाई कामगार दुसऱ्या बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक सारे दलित. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या नोकरीचा हक्क २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून टिकवला. कर्नाटकातही जुलै २०२२ मध्ये पौरकार्मिकांना कायम नोकरीसाठी झाडू खाली ठेवावा लागला. या लढ्यांत कायम कामगारांच्या किती युनियन रस्त्यावर उतरल्या, याचा हिशेब ज्याने त्याने द्यावा.

पुढाऱ्याची नम्रता म्हणजे गोड बोलणे नव्हे. सफाई कामगाराच्या घरी एक दिवस जेवून फोटो काढणे तर मुळीच नव्हे. आपण चुकलो हे भर सभेत सांगता येणे, तक्रार करणाऱ्याला ‘जातीयवादी’ न म्हणता शेवटपर्यंत ऐकून घेणे आणि वेळ आली की खुर्ची रिकामी करणे, ही नम्रता. पंचवीस वर्षे एकाच खुर्चीवर बसून समतेवर भाषण करणाऱ्याला ती कळणार नाही.

म्हणून आपल्या युनियनच्या पुढच्या वार्षिक सभेत तीन गोष्टी मागा. कार्यकारिणीत दलित, आदिवासी आणि स्त्री कामगारांना सभासदसंख्येच्या प्रमाणात जागा, त्याही सही आणि तिजोरीच्या पदांवर. कंत्राटी कामगाराला पूर्ण सभासदत्व. आणि मागणीपत्रात सफाई कामगारांची मागणी शेवटून नव्हे, वरून पहिली.

कृष्णराजनगरच्या पाटीवर राजाचे नाव आहे. आपल्या कार्यालयाच्या पाटीवर ‘कामगार एकजूट’ असे शब्द आहेत. ते खरे करायचे, की पाटी उतरवायची, एवढेच ठरवायचे आहे.