पथ्याचा खर्च कोणी सोसावा?

“गोळ्या नियमित घ्या आणि दूध, अंडी, डाळी पोटभर खा,” असे क्षयाच्या रोग्यास डॉक्टर सांगतात. यांपैकी गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. दूध, अंडी व डाळी मात्र बाजारातून आणाव्या लागतात, आणि नेमकी त्याच वेळी रोग्याची मजुरी बंद झालेली असते.

गेल्या वर्षी आमच्या एका वर्गबंधूच्या घरी हाच प्रसंग ओढवला. त्याचे वडील आपल्या बेळगावच्या वडगावात मागावर काम करणारे. आई रोज एक पेला दूध त्यांच्यापुढे ठेवी. ते दोन घोट घेत आणि उरलेले धाकट्या मुलीच्या हाती देत. पथ्य त्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु लेकीच्या देखत कोणता बाप एकटा दूध पिईल? सरकारी मदतीचा हप्ता बँकेतील नावाच्या एका अक्षराच्या घोटाळ्यामुळे तीन महिने अडकून पडला. आला तेव्हा वाण्याच्या उधारीत व घरभाड्यातच तो संपला.

अन्न हा क्षयावरील उपचाराचा भाग आहे, ही कल्पना नवी नव्हे. प्रभावी औषधे नव्हती तेव्हा मिरजेजवळच्या वान्लेसवाडीसारख्या आरोग्यधामांत विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार यांवरच भिस्त असे. पुढे मद्रास येथील प्रयोगाने १९५९ साली दाखवून दिले की, औषधे नियमित मिळाली तर घरी राहणारा गरीब रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. शोध खरोखर मोठा होता. त्यामुळे किती कुटुंबांची ताटातूट टळली असेल! परंतु त्या भरात आहाराची गोष्ट मागे पडली, असे आम्हांस वाटते.

ती पुन्हा पुढे आणली झारखंडातील एका प्रयोगाने. तेथे २०१९ पासून २८०० रोग्यांच्या कुटुंबांची पाहणी झाली. रोग्यांना दरमहा शिधा सर्वत्र दिला. काही विभागांत मात्र घरातील इतरांसही तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे सर्व घराला शिधा मिळाला, तेथे घरातील इतरांना क्षय जडण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले.

केंद्र सरकारच्या ‘निक्षय पोषण योजने’त २०१८ पासून रोग्यास दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ही वाढ स्वागतार्हच आहे. पण दिवसाकाठी तेहतीस रुपये होतात. अर्धा लीटर दूध घेतल्यावर त्यांतून फारसे काही उरत नाही. शिवाय हा हिशेब एकट्या रोग्याचा आहे, आणि घरात चूल तर एकच असते. २०२२ साली सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ उपक्रमात दानशूर मंडळी शिधा पुरवितात, त्यांचे आम्हांस कौतुक आहे. तथापि दाता भेटला तर शिधा, न भेटला तर नाही, अशी व्यवस्था गोळ्यांच्या बाबतीत आपण चालवून घेतली असती काय?

कोणी म्हणेल, रोख रक्कम दिली म्हणजे रोगी आपल्या इच्छेप्रमाणे खर्च करील. तत्त्वतः हे मान्य. परंतु कर्ज झालेल्या घरात पैसा आला की तो प्रथम सावकाराकडे धावतो. म्हणून रोख मदतीबरोबर सर्व घरास पुरेल इतका शिधाही गोळ्यांच्याच खिडकीवर, गोळ्यांच्याच दिवशी मिळावा, असे आमचे मत आहे.

आमच्या वर्गबंधूचे वडील आता बरे होऊन मागावर रुजू झाले आहेत. धाकट्या बहिणीची मात्र तपासणी चालू आहे.