आधी ब्रेक, मग वेग

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मोटारीवर लिहावे, हे काही प्राध्यापकांना विचित्र वाटेल. कविता, प्रवासवर्णन किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र, अशी आपल्या अंकाची परंपरा आहे. परंतु आपल्या फाटकाबाहेर एकदा नजर टाका. मोटारसायकलींच्या रांगेत आता छोट्या, चपळ हॅचबॅक गाड्या उभ्या दिसतात. थोड्या नव्या, बहुतेक दुसऱ्याकडून घेतलेल्या. त्यांच्याभोवती जमलेल्या मुलांच्या तोंडी एकच विषय असतो. रिमॅप कुठे करून मिळतो? सायलेन्सर कोणता बसवावा? गाडी किती खाली घ्यावी? माझे वडील तुर्भ्याच्या एका गॅरेजात मिस्त्री आहेत. ते सातवीपर्यंत शिकले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा त्यांच्याकडून ऐकलेले आणि पुस्तकांतून पडताळून पाहिलेले चार शब्द या विषयावर लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे मी समजतो.

वेगाची हौस असणे हा काही गुन्हा नव्हे. महाराष्ट्राच्या मातीत तर या हौसेला चांगले खतपाणी मिळाले आहे. 2001 साली बाजारात आलेली फियाट पॅलिओ कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तिच्या 1.6 लिटर इंजिनाची ताकद सुमारे 100 अश्वशक्ती होती. 2013 मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय ही आवृत्ती आली. इंजिन अवघे 1.2 लिटरचे, पण टर्बोमुळे ताकद 105. 2015 मध्ये रांजणगावहून आलेली अबार्थ पुंटो 145 अश्वशक्तीची होती. 2024 मध्ये टाटांनी 120 अश्वशक्तीची अल्ट्रोझ रेसर आणली. पोलोचे उत्पादन 2022 मध्ये थांबले, पुंटो त्याआधीच गेली. त्यामुळे आपल्या मित्रांच्या हाती पडतात त्या या गाड्या पाच-दहा वर्षे वापरलेल्या असतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता याच गाड्यांकडे जरा बारकाईने पाहा. पुंटोला 145 अश्वशक्ती देताना कंपनीने तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. 2016 साली भारतात थोड्या संख्येने आयात झालेल्या पोलो जीटीआयची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिचे 1.8 लिटरचे इंजिन युरोपात हाताने गिअर टाकायच्या गाडीत 320 न्यूटन मीटर टॉर्क देत असे. तेच इंजिन सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सला जोडले, तेव्हा कंपनीने टॉर्क 250 वर आणून ठेवला. कारण त्या गिअरबॉक्सची सोसण्याची मर्यादा तेवढीच होती. ज्यांनी इंजिन घडवले त्यांनीच त्याला लगाम घातला. आमच्या जीटी टीएसआयलाही त्याच जातीचा गिअरबॉक्स आहे. मग लॅपटॉप जोडून तासाभरात ताकद वाढवून देणाऱ्याला आपण हा एक तरी प्रश्न विचारतो का, की वाढलेली ताकद पुढे कोणकोण सोसणार आहे?

माझ्या चुलत भावाने गेल्या वर्षी अशीच एक जुनी पोलो घेतली. पहिल्याच रविवारी तो ती घेऊन आमच्या दारात आला आणि वडिलांना म्हणाला, "काका, रिमॅप केला तर किती पॉवर वाढेल?"

वडील म्हणाले, "आधी टायर दाखव."

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. 2317 असेल तर तो टायर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दादाचे टायर सात वर्षांचे निघाले. नक्षी बरीच शिल्लक होती, पण रबर नखाने दाबले तरी दबत नव्हते. वडील म्हणाले, "हे दगड झालेत. पावसाळ्यात ही गाडी थांबणार नाही, घसरेल. पॉवर वाढवून हिला नेणार कुठे?"

मला वाटते, सगळ्या विषयाचे सार या बोलण्यात आहे. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढे. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर आणि वळणावरची पकड, सारे काही त्या चार तळहातांतून जाते. म्हणून ज्याला खरोखर गाडी सुधारायची आहे त्याने पहिला पैसा उत्तम टायरवर, अलाइनमेंट-बॅलन्सिंगवर खर्च करावा. मात्र मोठी रिम बसवण्याच्या मोहात चाकाचा एकूण व्यास बदलू नये. तो बदलला की वेगाचा काटाच खोटे बोलू लागतो.

दुसरा पैसा ब्रेकवर. आम्हां कला शाखेच्या मुलांना गणिताचा कंटाळा, पण एवढे गणित प्रत्येकाने करून पाहावे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. ताशी 60 किलोमीटर वेगात, कोरड्या चांगल्या रस्त्यावर, गाडी थांबायला सुमारे 20 मीटर घेते. 120 च्या वेगात 80 मीटर. शिवाय डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर पहिल्या गाडीचे आणखी 17 आणि दुसरीचे 33 मीटर. म्हणजे कुठे 37 मीटर आणि कुठे 113! रिमॅपने या हिशेबातला एक मीटरही कमी होत नाही.

ब्रेक ऑइलकडे तर कोणीच पाहत नाही. हे द्रव्य हवेतला ओलावा शोषून घेते. ताजे डॉट 4 ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच हमी 155 अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळले आणि नळीत वाफ झाली, की पेडल सरळ तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा खर्च एखाद्या दिखाऊ सायलेन्सरच्या मानाने किरकोळ आहे. पण ब्रेक ऑइल बदलल्याचे मित्रांना ऐकवता येत नाही, हीच खरी अडचण!

याचा अर्थ रिमॅप म्हणजे निव्वळ थाप, असे मी म्हणत नाही. टर्बो इंजिनात संगणकाला नव्या सूचना दिल्या की हवेचा दाब, इंधन आणि ठिणगीची वेळ बदलते आणि ताकद खरोखरच वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र पैसे मोजून हाती फारसे काही लागत नाही. परंतु वाढलेल्या ताकदीबरोबर उष्णता वाढते, क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो, आणि दहा वर्षे वापरलेल्या गाडीत ते आधीच थकलेले असतात. परदेशातल्या अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेल्या सूचना आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर चालवल्या, तर इंजिन नॉकिंग करू लागते. नवी गाडी असेल तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागते.

पाण्यावरून आठवले. अधिक थंड हवा मिळावी म्हणून काहीजण हवा ओढणारी नळी बंपरजवळ खाली आणतात. आपल्या शहरात जुलैत कुठे कुठे पाणी तुंबते हे मी सांगायला नको. त्या नळीतून पाणी आत गेले तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावे लागते. हे नुकसान साध्या विम्यात सहसा धरले जात नाही. इंजिनसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. विमा कंपनीला न कळवता गाडीत बदल केले असतील, तर अपघाताचा दावाही अडकू शकतो.

कायद्याबद्दल तर आपल्यात विलक्षण अज्ञान आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून धूर आणि आवाज वाढवला, तर त्याचा दंड निराळा. योग्य मापाचे टायर, चांगले ब्रेक पॅड, नवे ब्रेक ऑइल यांना मात्र कोणताही कायदा हरकत घेत नाही.

माझे काही मित्र म्हणतील, "हे सगळे म्हाताऱ्यांचे बोलणे झाले. गाडी माझी, पैसा माझा, जीव माझा." या तिन्ही गोष्टी एकेक करून तपासून पाहू.

रस्ता तर तुमचा एकट्याचा नाही. पाम बीच मार्ग सरळ आणि रुंद आहे खरा. पण सारसोळेच्या जेट्टीकडे जाणारे कोळी बांधव तोच रस्ता ओलांडून खाडीवर जातात. पहाटे जाळे खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाला तुमच्या गाडीची अश्वशक्ती माहीत नसते. तुमचे 113 मीटर त्याच्या जिवावर बेततात.

आणि पैसा? आमचे गाव सिडकोने घेतलेल्या 95 गावांपैकी एक. आजोबांची भातशेती त्यात गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्याचे फळ म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना आली. आज आमच्या कितीतरी घरांत दारापुढची गाडी त्या भूखंडाच्या पैशातून आलेली आहे. गाडी घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्या पायी चाललेल्या माणसांच्या नातवाने स्वतःची गाडी चालवावी, यात मला अभिमानच वाटतो. पण ज्या पैशामागे एवढा इतिहास उभा आहे, तो चार दिवसांच्या आवाजासाठी सायलेन्सरमधून उडवून टाकावा काय?

ज्याला वेगाची खरी ओढ आहे त्याच्यासाठी जागाही आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइमतूरला शर्यतीचे मार्ग आहेत. 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, कोइमतूरचाच. तिथे पहिला धडा ब्रेक कुठे लावायचा याचा असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रिमॅपला लागणारे पैसे साठवून एकदा असे शिक्षण घेतले, तर ते गाडी विकल्यावरही आपल्यापाशी राहील.

दादाने अखेर चार टायर, पुढचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदलले. रिमॅपचा विषय त्याने पुढच्या वर्षावर ढकलला आहे. त्याची हौस अजून फिटलेली नाही, हे मी जाणतो. पण गेल्या पावसाळ्यात माळशेज घाटातून आल्यावर तो म्हणाला, "गाडी नवीन घेतल्यासारखी वाटते रे." ताकद तीच, 105. बदलला तो फक्त तिच्यावरचा भरवसा.

मित्रांनो, नवी गाडी हाती आली की निदान सहा महिने तिचे बॉनेट बंद ठेवा आणि ती चालवायला शिका. तिची मूळ ताकद पूर्ण वापरता येईल एवढे कौशल्य आपल्यापैकी फार थोड्यांजवळ आहे. ते आल्यावरही ताकद अपुरी वाटली, तर खुशाल वाढवा. पण कायद्याच्या चौकटीत, आणि थांबण्याची सोय आधी करून!

— द्वितीय वर्ष, कला शाखा