डावी भकाळी फुगली? वेळ दवडू नका



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ओळखीच्या एका घरी पहाटे दवासकट लसूणघास कापून रात्रभर उपाशी असलेल्या गाईपुढे भाराभर टाकली. तासाभरात गाय फुगली. घाबरून घरच्यांनी तिची जीभ ओढून धरली आणि तेलाची बाटली घशात रिती केली. गाईला जोराचा ठसका लागला. डॉक्टर पोचेपर्यंत गाय गेली होती. घरखर्च तिच्याच दुधावर चालत होता. औषध बरोबर होते, पाजण्याची रीत चुकली.

जनावराच्या मोठ्या पोटात चारा आंबून सतत वायू तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. कोवळी लसूणघास किंवा बरसीम भरपूर खाल्ली की पोटात फेस होतो, वायू त्यात अडकतो आणि ढेकर थांबते.

ओळख सोपी आहे. डावी भकाळी फुगून वर येते, बोटांनी वाजवली तर ढोलासारखी वाजते. रवंथ बंद होते, जनावर ऊठबस करते, पोटावर लाथा मारते. तोंड उघडून धापा टाकू लागले की धोका फार जवळ आला. दोन-चार तासांतही जनावर दगावते.

आधी डॉक्टरांना बोलावणे धाडा. महाराष्ट्रात १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. तोवर चारा बंद करा. जनावराचे पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करा. तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधा. ते चघळते, लाळ सुटते, ढेकर यायला मदत होते. मोठ्या गाईला पाव लिटर गोडेतेल गालाच्या कडेने, घोट-घोट पाजा. जीभ ओढू नका, मान फार उंच करू नका, ठसका लागताच थांबा. जनावर आडवे पडले असेल, किंवा लाळ गळून घशात कंद अडकल्याची शंका असेल, तर काहीही पाजू नका. पोटात सुई वा सुरी खुपसण्याचे धाडस करू नका. ते काम डॉक्टरांचे.

त्यापेक्षा बरे म्हणजे ही वेळच येऊ न देणे. दव उतरल्यावर घास कापा, थोडी सुकू द्या. आधी कडबा घाला, मग हिरवी वैरण, तीही थोडी थोडी. नवा चारा आठवडाभरात हळूहळू वाढवा.

आज धार काढायला बसाल तेव्हा गाईच्या डाव्या भकाळीवर हात ठेवून पाहा. निरोगी भकाळी हाताला कशी लागते हे ठाऊक असेल, तर फुगलेली लगेच कळेल.