'उपयोजित' म्हणजे दुय्यम काय?

अशोक केळकर (१९२९-२०१४) यांच्या कर्तृत्वाची मराठी समीक्षकांनी एक सोयीस्कर वाटणी करून ठेवली आहे. भाषाविज्ञान हा त्यांचा पेशा आणि साहित्यमीमांसा हा व्यासंग. पहिल्याचा हिशेब इंग्रजी वाचणाऱ्या भाषावैज्ञानिकांनी ठेवावा, दुसऱ्याला आम्ही 'मूलगामी पण दुर्बोध' म्हणून नमस्कार करू, अशी ही वाटणी आहे. ती चुकीची आहे. शिवाय ती निष्पापही नाही, कारण तिच्यामुळे दोन्ही पक्षांची न वाचण्याची सोय होते.

कॉर्नेल विद्यापीठात १९५८ मध्ये मराठीच्या वर्णव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध, मग आग्र्यास अध्यापन, पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात उपयोजित भाषाविज्ञानाचे प्राध्यापकपद : एवढा तपशील त्यांच्या परिचयात एका दमात उरकला जातो. त्यातील 'उपयोजित' या शब्दापाशी कोणी थांबत नाही. वास्तविक वादाचे मूळ तिथेच आहे.

ही संज्ञा इंग्रजी शिकवण्याच्या व्यवसायातून रूढ झाली. १९४० नंतरच्या दशकात मिशिगन येथे, १९५७ च्या सुमारास एडिंबरा येथे तिला विद्यापीठीय घर मिळाले. हैदराबादची इंग्रजीची केंद्रीय संस्था १९५८ ची. पिट कॉर्डर यांनी १९७३ मधील आपल्या ग्रंथात तर स्पष्टच मांडले की उपयोजित भाषावैज्ञानिक हा सिद्धान्तांचा ग्राहक असतो, उत्पादक नव्हे. आमच्यापैकी अनेकांनी कॉर्डर वाचला नसेल, पण त्याचा निकाल मात्र न वाचताच मान्य केला आहे. ग्राहकाकडून कोण मीमांसेची अपेक्षा करणार?

केळकरांच्या लेखनातून याच्या नेमके उलट काही हाती लागते. 'वैखरी' (१९८३) या ग्रंथाचे उपशीर्षक 'भाषा आणि भाषाव्यवहार' असे आहे. त्यातले उभयान्वयी अव्यय माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. भाषाव्यवहार ही तयार सिद्धान्त नेऊन लावण्याची जागा नव्हे. सिद्धान्ताला जाब विचारला जातो ती ही जागा. पदनाम कोशातला एखादा शब्द व्याकरणाने निर्दोष असतो, म्हणून तो कारकुनाच्या तोंडी बसतोच असे नाही. कवितेतल्या शब्दाला कोशात पर्याय असतो, म्हणून तो त्या ओळीत चालतोच असे नाही. हे दोन प्रश्न एकाच जातीचे आहेत, आणि त्यांना एकत्र पाहू शकणारा अभ्यासक सकाळी भाषावैज्ञानिक व संध्याकाळी सौंदर्यमीमांसक होत नसतो. मराठी भाषेच्या आर्थिक संसाराचा विचार आणि प्राचीन भारतीय साहित्यमीमांसेचे आकलन एकाच लेखणीतून आले, याचे नवल वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उलट ग्राहकी वृत्तीचा नमुना हवा असेल तर शैलीविज्ञानाच्या नावाने आमच्याकडे होणारे प्रबंध पाहावेत. एका कवीची विशेषणे मोजायची, कोष्टक मांडायचे, आणि शेवटी कवी संवेदनशील असल्याचे जाहीर करायचे! कोष्टकापूर्वीही ते ठाऊक होतेच.

आता दुर्बोधतेचा आक्षेप. तो सर्वस्वी निराधार नाही. केळकर वाचकाला बरोबर घेण्यासाठी नेहमी थांबत नाहीत, आणि त्यांनी घडवलेल्या सर्वच संज्ञा रुळल्या असे म्हणवत नाही. पण हा आक्षेप घेणारे कोण? देरिदाचे नाव अर्ध्या भाषांतराच्या आधारे उच्चारताना ज्यांना कसलीच अडचण भासत नाही, तेच. आयात केलेली दुर्बोधता खोलीचे लक्षण ठरते, आणि मराठीत विचार करण्यासाठी मराठीत घडवलेला शब्द तेवढा क्लिष्ट ठरतो. ही रसिकता नव्हे, हा न्यूनगंड आहे.

प्रश्न एका विद्वानाच्या स्मरणापुरता असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. 'रुजुवात' २००८ मध्ये ग्रंथरूपाने आले तेव्हा केळकर ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. २०१० मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी प्राध्यापकांच्या कामगिरीचे गुणांकन आणले. पुढे त्या गुणांकनाचे नियम वारंवार बदलले, मोजण्याची हौस मात्र टिकून राहिली. दशकानुदशके निबंध लिहीत राहणे, 'भाषा आणि जीवन' सारखे मराठी त्रैमासिक काढून त्याचे संपादन करणे, दोन विद्याशाखांच्या सीमेवर ठाण मांडणे, या गोष्टी कोणत्या रकान्यात बसतात? आज अशी वाट धरू पाहणाऱ्या तरुण अध्यापकाला त्याचे हितचिंतकच परावृत्त करतील, आणि व्यवहारदृष्ट्या त्यांचे चुकणारही नाही.

म्हणून निदान पदव्युत्तर वर्गांपुरती एक मागणी करतो. १९६८ चा हिंदी-उर्दूवरील त्यांचा इंग्रजी अभ्यास आणि 'रुजुवात' मधील लेख एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवा. मराठी विभाग म्हणेल, पहिला आमचा नव्हे. भाषाविज्ञान विभाग म्हणेल, दुसरा आमचा नव्हे. ही उत्तरे लेखी घ्यावीत.